बंदर ते बंदर : चाचणीचा खेळ केला त्या सत्राच्या नोंदी

24 जून 2024

कृतिसंशोधनाच्या (शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेल्या अभ्यासाच्या) फॉर्मवर गुरुजींनी नाव टाकलं : ‘खेळाधारित चाचणी व विद्यार्थ्यांचा भावनिक अनुभव’. सहावी-सातवी जोडवर्ग, पट 21, विषय गणित. शाळा गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठी. मुलं खारवीवाडीतली आणि वरच्या कुणबीवाडीतली. एक नेपाळी मुलगी आहे, तिचे वडील आंब्याच्या बागेत राखणीला असतात.

कृतिसंशोधनाचा साचा ठरलेला : समस्या, संभाव्य कारणं, गृहीतक, उपाययोजना, निष्कर्ष. त्यात ‘मुलाला कसं वाटलं’ याला रकाना नाही, म्हणून ही वही वेगळी घातली.

परवानगीचा प्रश्न नाही. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सहावीला आकारिक (शिकता शिकता होणारं) 50 आणि संकलित (सत्राअखेरचं) 50, सातवीला आकारिक 40 आणि संकलित 60. आकारिकच्या आठ साधनतंत्रांत चाचणी हे एकच. बाकीच्यांत खेळाला हवी तेवढी जागा आहे. ती जागा आपण बहुतेक वेळा स्वाध्यायाच्या वह्यांनी भरतो, ही गोष्ट वेगळी.

मला बघायचंय ते एवढंच. चाचणीचा खेळ केला की भीती पळते, असं शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, जो तो म्हणतो. पळते, की उठून दुसरीकडे जाऊन बसते? आणि भीती सोडून बाकीचं काय होतं? परीक्षेत पोर नुसतं घाबरत नाही. चिडतं, लाजतं, फुशारतं, सुटल्यासारखा श्वास सोडतं.

1 जुलै

भावना मोजायच्या म्हणजे नेमकं काय मोजायचं, यात रविवार गेला.

राइनहार्ट पेकरून या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये मांडलेलं सूत्र वर्गात चालेलसं वाटतं. अभ्यासाच्या आणि परीक्षेच्या भावना दोन हिशेबांतून येतात : हे माझ्या हातात किती आहे, आणि मला याचं किती पडलंय. पडलेलं खूप आणि हातात थोडं, तर चिंता. हातात काहीच नाही अशी खात्री पटली, तर हताशा. पडलेलंच नसेल तर कंटाळा. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रश्नावलीत परीक्षेच्या वेळच्या आठ भावना धरल्या आहेत : आनंद, आशा, अभिमान, सुटका, राग, चिंता, लाज, हताशा.

ती लांबलचक प्रश्नावली आमच्या मुलांपुढे ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनाच विचारलं, पेपरच्या दिवशी काय काय होतं? फळा भरला. त्यातून आठ निवडली : मजा आली, जमेल वाटलं, भारी वाटलं, सुटलो, डोकं फिरलं, धाकधूक, लाज वाटली, काय उपयोग नाय. चाचणीआधी एक चिठ्ठी, मध्ये एक, शेवटी एक. त्या वेळी जे वाटत असेल त्यावर खूण करायची, दोनांवर केली तरी चालेल, आणि चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची.

चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहायचं नाही, माशाचं लिहायचं. सुरमई, हलवा, कोळंबी हातोहात गेले. बोंबील कुणी घेईना. कुठला मासा कोण, हे फक्त मला माहीत. (दुपारच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला माहीत झालं. तरी खरं नाव नसल्याचा मोकळेपणा राहतो, असं दिसतंय.)

18 जुलै

पाऊस. वरच्या वाडीतली तिघं आली नाहीत. तरी लेखी चाचणी घेतली, पूर्णांक संख्यांवर 20 गुणांची. तुलनेसाठी आधी नेहमीसारखा पेपर हवा होता.

पेपरआधी मुलांनी आपापली नाडी मोजली : पंधरा सेकंद, गुणिले चार. मनगटावर बोट ठेवून अख्खा वर्ग चिडीचूप, हे दृश्य मला फार आवडलं. माहिती म्हणून मात्र त्याचा उपयोग थोडा. ‘मोरी’ हा सातवीतला पहिल्या नंबरचा मुलगा, ‘मुडदुशी’ ही सहावीतली शांत मुलगी. दोघांचेही ठोके वाढलेले. मोरीच्या चिठ्ठीवर ‘जमेल वाटलं’, मुडदुशीच्या चिठ्ठीवर ‘धाकधूक’. छातीतली धडधड सारखीच. लिबर्ट आणि मॉरिस यांनी 1967 मध्येच परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग वेगळे काढले होते, डोक्यातली काळजी आणि अंगातली खळबळ. कामगिरी जास्त बिघडवते ती डोक्यातली. नाडी मोजणं पुढेही चालू ठेवणार, पण ते मुलांना आवडतं म्हणून.

पेपर दिल्यावरच्या चिठ्ठ्यांत सर्वांत जास्त खुणा कुठे? ‘सुटलो’वर. बरोबर आलं म्हणून नाही, संपलं म्हणून. ‘मजा आली’वर एकच खूण, बांगड्याची, आणि त्याने निम्मा पेपर कोरा ठेवला होता.

एक सावधगिरी. परीक्षेआधी मनातली काळजी कागदावर उतरवली की काही मुलांना पेपर बरा जातो, असा रामिरेझ आणि बायलॉक यांचा अभ्यास 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. म्हणजे माझी आधीची चिठ्ठीच औषध ठरू शकते. म्हणून लेखी असो वा खेळ, चिठ्ठ्या सारख्याच वेळी आणि सारख्याच पद्धतीने.

26 जुलै

फलक तयार झाला. ग्रामपंचायतीत पडलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स मिळाला, त्याच्या पांढऱ्या पाठीवर मुलांनी किनारा काढला : हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. जयगड रत्नागिरीच्या उत्तरेला की दक्षिणेला, यावर वाद झाला. नकाशाआधी ‘खेकडा’ नाव घेतलेल्या मुलानेच तो मिटवला. त्याचे वडील बोटीवर तांडेल (बोटीचे प्रमुख) आहेत.

नियम : प्रत्येक गटाचा एक मचवा (शिडाची होडी). हर्णैहून निघायचं, वेंगुर्ल्याला पोचायचं. प्रत्येक बंदरावर एक प्रश्नपत्ता, तो सोडवायचं काम गटात आळीपाळीने एकेकाचं. बरोबर आलं तर फासा टाकून तेवढी बंदरं पुढे. चुकलं तर वारा पडला, मचवा तिथेच. पुढच्या पाळीला त्याच प्रकारचा दुसरा पत्ता.

पत्ते भरती-ओहोटीचे. भरतीला पाणी खुणेच्या 2 मीटर वर, ओहोटीला 1 मीटर खाली, फरक किती? उधाणाला (मोठ्या भरतीला) किती, भांगाला (लहान भरतीला) किती? प्रत्येक पत्त्यामागे कुठलं कौशल्य तपासतोय ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. ते नसेल तर मग नुसता खेळच.

2 ऑगस्ट

मासेमारीची बंदी 31 जुलैला संपली. खेकड्याचं लक्ष वर्गात नव्हतं, खिडकीबाहेर होतं. पत्ता हातात दिला तेव्हा जागा झाला. 2 आणि उणे 1 मधला फरक? ‘तीन.’ कसा? ‘बाई, जेटीवर उभं राहिल्यावर दिसतो ना.’ याच मुलाने 18 तारखेला कागदावर 2 – (–1) चं उत्तर 1 लिहिलं होतं. चिठ्ठीवर ‘भारी वाटलं’, खाली तीन रेघा.

गुरुजी खूश झाले, म्हणाले, हे पहिल्या पानावर घ्या. मी नको म्हटलं. लेखीत उघडे आकडे होते, खेळात भरती होती. श्रेय खेळाचं की पाण्याचं, हे असं कळणार नाही. पुढच्या लेखी चाचणीतही भरती घालायची.

आजचा मोठा विषय फासा. मोरी चिडला. त्याच्या गटाची सगळी उत्तरं बरोबर, पण फाशाने एकेक पडत राहिलं आणि मचवा पूर्णगडाला अडकला. बांगड्याच्या गटाची दोन उत्तरं चुकली, तरी ते सहा टाकून देवगडला. मोरीची चिठ्ठी : ‘डोकं फिरलं’, आणि रकाना नसताना लिहिलेलं वाक्य, ‘गणिताची परीक्षा हाय का नशिबाची?’

उलट बाजू अशी की मागे राहिलेल्या गटांत आज ‘लाज वाटली’ एकालाही वाटली नाही. सगळ्यांचं म्हणणं, फासाच पडला नाही. बर्नार्ड वाइनर यांचा सिद्धांत हेच सांगतो : अपयशाचं कारण आपल्या आत सापडलं तर लाज, बाहेर सापडलं तर लाज नाही, पण यशाचं कारणही बाहेरच असेल तर अभिमानही नाही. जिंकलेल्या गटाच्या चिठ्ठ्यांवर ‘मजा आली’ भरपूर, ‘भारी वाटलं’ मात्र नाही. फाशाने हरलेल्यांची अब्रू राखली आणि जिंकलेल्यांचा मान नेला.

दोन्ही हवं असेल तर फाशाला दुसरं काम द्यावं लागेल. यापुढे फासा फक्त पत्त्याचा प्रकार ठरवेल. पुढे सरकायचं ते उत्तरावर, एका वेळी एक बंदर.

13 ऑगस्ट

आज मुद्दाम दोन डाव, दोन पद्धतींनी. पहिल्यात प्रत्येक फेरीनंतर गटांचे क्रमांक फळ्यावर. दुसऱ्यात फळा कोरा, फ्लेक्स गुंडाळलेला, प्रत्येक गटाकडे स्वतःचा छोटा नकाशा. कोण कुठे पोचलंय ते दुसऱ्याला दिसत नाही.

पहिला डाव गाजला. आवाज एवढा की अंगणवाडीच्या ताई डोकावून गेल्या. पहिल्या दोन गटांत ‘भारी वाटलं’, ‘मजा आली’. शेवटच्या गटात तिसऱ्या फेरीनंतर काहीतरी तुटलं. त्यांनी पत्ता वाचायचंच सोडलं. सुचेल तो आकडा सांगायचा आणि खिदळायचं. मी बघितलं तर म्हणे, ‘आमाला नकोच होतं जिंकायला.’ हे खिदळणं लांबून मजेसारखं दिसतं. चिठ्ठीत ‘काय उपयोग नाय’. पेकरूनच्या हिशेबात हातातलं गेल्यावर पोराने पडलेलंही सोडून दिलं, एवढाच अर्थ. त्या तीन फेऱ्यांनंतरची त्यांची उत्तरं मूल्यमापनाच्या कामाची नाहीत. त्यातून गणित कळत नाही, माघार कळते.

दुसरा डाव थंड. शेवटचा गट शेवटच्या पत्त्यापर्यंत सोडवत राहिला. पण ‘भारी वाटलं’वरच्या खुणाही गळाल्या, आणि सुरमईने तोंडावर विचारलं, ‘बाई, नंबर नाय तर खेळ कसला?’

याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. मुलांना चुरस हवी असते, ती काढून घेतली तर उरतो तो रंगीत स्वाध्याय. तूर्त असं : गटाने मागच्या डावापेक्षा किती बंदरं जास्त गाठली ते फळ्यावर, एकमेकांशी तुलना नाही.

मुंबईच्या एका चाकरमान्याने विजेत्यांना कंपासपेट्या देऊ केल्यात. नम्रपणे थांबवलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग आहे : आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र’ असं आधी सांगितलं, तेव्हा पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांचं चित्र काढणं कमी झालं. बक्षीस न सांगितलेल्यांचं तसं झालं नाही. कंपासपेट्या येऊ देत, पण सगळ्यांना आणि खेळाशी संबंध न लावता.

केंद्रातल्या एका तरुण सरांनी सुचवलेलं क्विझचं अॅपही टीव्हीवर लावून पाहिलं. जलद उत्तराला जास्त गुण. नेपाळी मुलीला मराठी प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपायचा. तिला गणित येतं, हे मला आधीपासून ठाऊक आहे. घड्याळ गणित मोजत नव्हतं, वाचनाचा वेग मोजत होतं. शिवाय रेंज गेली. अॅपचा विषय इथेच संपला.

20 ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. आज निम्मा वर्ग नारळाच्या वड्या घेऊन आलेला.

मुडदुशीबद्दल लिहायचं राहून जात होतं. लेखीत तिला धाकधूक असते, पण ती पेपर नीट सोडवते. 20 पैकी 15. खेळात तिची पाळी आली की ती पत्त्याकडे बघत नाही, गटातल्या मुलांच्या तोंडाकडे बघते. आज उत्तर चुकलं, मचवा जयगडला अडला. गटातलं कुणी काही बोललं नाही. शेवटच्या चिठ्ठीवर ‘लाज वाटली’, आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘माझ्यामुळे’.

पेपरमधली चूक तिची आणि माझी, दोघींतली असते. लाल शाई वहीत मिटते. खेळातली चूक चारचौघांत होते, आणि तिची किंमत दुसरे भरतात. खेळाने हिची भीती घालवली नाही; ती गुणांवरून उठली आणि मैत्रिणींच्या डोळ्यांत जाऊन बसली. वर्गातल्या मोठ्या आवाजामुळे हे ऐकू येत नाही. खेळ चालू असताना कुणी पाहायला आलं, तर ते ‘मुलं किती आनंदी आहेत’ असंच लिहून जाईल.

यावर उपाय मुलांच्याच खेळात होता : लिंबूटिंबू. लगोरीत, लंगडीत धाकट्या भावंडाला असं घेतात. तो धावतो, पकडतो, पण बाद झाला तर मोजत नाहीत. नियम केला की ज्याला हवं त्याने आपली पाळी लिंबूटिंबू म्हणून जाहीर करावी. उत्तर माझ्या वहीत जाईल, मचव्याला लागू होणार नाही. मला माहिती मिळते, गटाला दंड नाही.

कुणीही जाहीर केलं नाही! मुडदुशीने तर मानच हलवली. दुपारी कोळंबीने कारण सांगितलं : ‘बाई, लिंबूटिंबू म्हंजे बारकी पोरं. सातवीतला कोण बोलेल?’

मग उलटं केलं. प्रत्येक डावाची पहिली फेरी सगळ्यांचीच लिंबूटिंबू. मोरीचीही. कुणी मागायची गरज नाही, म्हणून कुणाची मानहानी नाही. दुपारच्या डावात मुडदुशीने पहिला पत्ता चुकवला, दुसरा बरोबर सोडवला. चिठ्ठी : ‘धाकधूक’ आणि ‘जमेल वाटलं’, दोन्ही.

30 ऑगस्ट

पालकसभा. गणपती आठवड्यावर आलेत, तरी बायका बऱ्याच आल्या. एका आईने थेट विचारलं, ‘पोरगी घरी येऊन सांगते, परीक्षा झाली नि मजा आली. असं कसं वो बाई? उद्या दहावीला बोर्ड काय खेळ मांडनार हाय?’

प्रश्न खरा आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर असतो याचा इथल्या घराघरांत अभिमान आहे, आणि तो निकाल लेखी पेपरनेच लागतो. मी सांगितलं की लेखी बंद केलेली नाही, दोन्ही चालू आहे, आणि मुलं दोन्हीकडे कशी वागतात तेच मी बघतेय. तिचं पूर्ण समाधान झालं नाही.

मागून एक आजोबा बोलले. ते शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जबाबाच्या गाण्यात, वर्षानुवर्षं गायलेले. सध्या वाडीत रोज रात्री जाखडीची (त्या गाण्यांवरच्या नाचाची) तालीम चालू आहे, बांगडा त्यात नाचतो आणि झील धरतो, म्हणजे मागून साथीला गातो. आजोबा म्हणाले, ‘आमच्यात पन परीक्षाच असते. शक्तीवाला सवाल टाकतो, तुरेवाल्यानं गान्यातून जबाब द्यायचा. नाय आला तर अख्खा गाव हसतो. पन बारी हरली म्हनून शाहीर घरी बसत नाय. पुढच्या गणपतीत परत उभा.’

सभेनंतर मी त्यांना थांबवून विचारलं, हसतात तेव्हा वाईट वाटत नाही? म्हणाले, वाटतं तर. पण मागे झील धरायला दहा जण असतात, आणि परत उभं राहायला मिळणार हे माहीत असतं. पेकरून यांना मी हे पत्राने कळवावं की काय!

बांगड्याकडे मात्र नव्याने बघायला हवं. गाण्यातला सवाल पाठ करायला तो रात्री अकरापर्यंत जागतो. गणिताच्या खेळात त्याच्या चिठ्ठ्या कायम ‘मजा आली’, आणि उत्तरं कायम अंदाजाने. त्याची मजा खरी आहे, पण ती खेळाची आहे, गणिताची नाही. आनंदी मूल शिकतंच आहे असं धरून चालायला मी आता तयार नाही.

19 सप्टेंबर

गणपतीनंतर वर्ग भरला. चाकरमानी परतले, मुलांचे आवाज बसलेले, पहिले दोन दिवस कुणाचंही डोकं जागेवर नव्हतं.

नवा नियम : टाइमप्लीज. प्रत्येक मुलाला डावाच्या सुरुवातीला एक गजगा (सागरगोटा) मिळतो. पत्ता हातात असताना केव्हाही तो पुढे टाकून खेळ थांबवता येतो. दोन मिनिटं, कारण सांगावं लागत नाही. पाणी पी, बाहेर जा, मैत्रिणीला विचार, नुसता बस.

मला वाटलं होतं, पाचव्या मिनिटाला सगळे गजगे माझ्यापुढे येतील. तसं झालं नाही. बहुतेकांनी गजगा मुठीत धरून ठेवला आणि डाव संपल्यावर परत दिला. तरी मधल्या चिठ्ठ्यांवरची ‘धाकधूक’ या डावात आजवर सर्वांत कमी होती. एकवीस मुलांवरून मी टक्केवारी काढणार नाही, पण डब्यातल्या चिठ्ठ्यांचे ढीग शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

ग्लास आणि सिंगर यांच्या प्रयोगाची आठवण झाली. 1970 च्या आसपास त्यांनी लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. काहींना एक बटण दिलं : सहन झालं नाही तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. तरी बटण असलेल्यांचं नंतरचं काम बटण नसलेल्यांपेक्षा सरस ठरलं. आवाज दोघांनी सारखाच ऐकला होता.

गजगा हे बटण झालं. याला ना फलक लागतो, ना मचवा, ना फासा. मग हे लेखी पेपरलाही का देऊ नये? गुरुजींना विचारलं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

3 ऑक्टोबर

शिक्षण परिषदेत प्रकल्प मांडला. चर्चा एका मुद्द्यावर अडली. एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं : चाचणी आहे हे मुलांना सांगताच कशाला? खेळू द्या, तुम्ही गुपचूप नोंदी करा, भीतीचं मूळच तुटेल. या विचाराला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेत व्हॅलरी श्यूट यांनी संगणकखेळात दडवलेल्या मूल्यमापनावर बरीच वर्षं काम केलंय. मूल खेळत राहतं, त्याच्या प्रत्येक चालीवरून मागे हिशेब चालू असतो, आणि खेळाची लय मोडत नाही.

मला तो विचार पटतो, तरी गुपचूप नोंदी करणं पटत नाही. एक तर आमची मुलं हुशार आहेत. बाईंच्या हातात लाल वही दिसली की ती ओळखतात. दुसरं म्हणजे, आपण नुसते खेळत होतो असं वाटत असताना कुणीतरी मापत होतं, हे नंतर कळलं, तर पुढच्या प्रत्येक खेळाकडे ते मूल संशयाने बघेल. मग खो-खोच्या मैदानावरही धाकधूक येईल. परीक्षेला खेळाचा रंग लावता लावता खेळालाच परीक्षेचा रंग लागायचा.

शाळेत परतल्यावर मुलांना सरळ विचारलं : सांगून घ्यावी की न सांगता? बहुतेक म्हणाले, सांगून. खेकडा म्हणाला, ‘पन वही दाखवा. आमच्या नावापुढं काय लिवता ते.’ दाखवली. पुढची वीस मिनिटं वर्ग आपापल्या नोंदी वाचत होता. मुडदुशीने आपल्या नावापुढचं ‘ऋण संख्यांची वजाबाकी स्थिर’ हे दोनदा वाचलं आणि स्थिर म्हणजे चांगलं ना, असं विचारलं.

24 ऑक्टोबर

सत्राची संकलित चाचणी झाली. गणिताच्या पेपरमध्ये भरतीचा प्रश्न होता. आकारिकच्या सप्टेंबरातल्या लेखी चाचणीतही मी तो घातला होता. खेकड्याने दोन्ही वेळा तो बरोबर सोडवला, आणि शेजारचं उघड्या आकड्यांचं उदाहरण दोन्ही वेळा चुकवलं. म्हणजे 2 ऑगस्टच्या ‘तीन’चं श्रेय खेळापेक्षा पाण्याचं जास्त. आता त्याला पाण्यावरून आकड्यांकडे आणायचं काम माझं, त्यात खेळाची मदत किती होईल ते बघू.

पेपरला गजगा दिला. गुरुजी स्वतः ताटलीत घेऊन फिरले. एकानेच वापरला, मोरीने. शेवटच्या उदाहरणात अडकला होता; दोन मिनिटं व्हरांड्यात उभा राहिला, येऊन ते खोडलं आणि पुन्हा सोडवलं. ज्याला कधी गरज पडणार नाही असं मी धरलं होतं, तोच.

पेपरनंतरच्या चिठ्ठ्यांत ‘सुटलो’ अजूनही सगळ्यांत वर आहे. खेळानंतर ‘सुटलो’ फारसं येत नाही, कारण संपावं असं वाटतच नाही. पण शेवटच्या दोन डावांत काही चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. सुरमईला विचारलं तर म्हणाली, ‘काय वाटलं नाय. तोच खेळ परत.’ नवलाई ओसरली. आठ भावनांत कंटाळ्याला जागा नव्हती. दुसऱ्या सत्रात नववा रकाना लागेल.

दिवाळीनंतर अपूर्णांक आणि दशांश. मोरीने कठीण पत्ते स्वतः तयार करू का असं विचारलंय, आणि बांगड्याने ते गाण्यात बसवतो म्हणून सांगितलंय, शक्तीवाल्यांसारखा सवाल. दोघांना एका गटात घालतेय. भांडतील. पहिले दहा पत्ते 18 नोव्हेंबरपर्यंत हवेत. मतदान 20 तारखेला आहे, त्या आठवड्यात मी निवडणुकीच्या ड्युटीवर असेन.